वाचकांचे प्रश्न : सिंत्राचा राजवाडा

प्रश्न : लिस्बनच्या सहलीत आम्ही सिंत्रा येथील जुना राजवाडा पाहिला. बाहेरून साधा, पांढरा वाडा आणि छपरावर मात्र दोन अवाढव्य शंकू. हे शंकू कशाचे आहेत? वाडा कोणत्या शैलीतला मानावा?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ती मुदपाकखान्याची धुराडी आहेत. प्रत्येकाची उंची ३३ मीटर असून या मुदपाकखान्याला वेगळे छत असे नाहीच. भिंतीच वर जाताना निमुळत्या होत जातात आणि त्यांचेच धुराडे बनते. शिकारीच्या हंगामात येथे राजदरबाराचा मुक्काम पडे, मोठमोठ्या मेजवान्या होत, आणि चुलींचा धूर व उष्णता निघून जाण्यासाठी ही सोय केलेली होती. वाड्याची ओळख ठरलेली वास्तू राजाचा दिवाणखाना नसून स्वयंपाकघर आहे, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

शैलीचे म्हणाल, तर एकच नाव देता येणार नाही, कारण हा वाडा एका नकाशावरून बांधलेला नसून एखाद्या जुन्या घराण्याच्या वाड्यासारखा पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेला आहे. येथे आधी मुस्लिम अमलातले निवासस्थान होते आणि ११४७ मध्ये लिस्बन पडल्यावर ते पोर्तुगीज राजांकडे आले. त्या मूळ बांधकामाचे आज काही दिसत नाही. उभ्या असलेल्या भागांत सर्वांत जुने आहे ते राजा दिनिस याच्या काळातले, चौदाव्या शतकाच्या आरंभीचे प्रार्थनागृह. दर्शनी भाग, धुराडी आणि मुख्य दालने पंधराव्या शतकात राजा पहिल्या जोआंवने उभारली, तर पूर्वेकडचा भाग सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएलने वाढवला. खिडक्या नीट पाहिल्यास हा फरक ओळखता येतो : जोआंवच्या खिडक्या टोकदार कमानींच्या जोडखिडक्या आहेत, तर मानुएलच्या खिडक्यांच्या दगडी चौकटींवर वेली, फांद्या आणि दोरखंडासारखे पीळ कोरलेले आहेत. आतल्या भिंतींवरच्या रंगीत चकचकीत फरश्या, ज्यांना पोर्तुगीजमध्ये आझुलेझु म्हणतात, त्यांपैकी अनेक मानुएलने सेव्हिलहून मागवल्या होत्या.

एका दालनाच्या छतावर १३६ मॅगपाय पक्षी रंगवलेले असून प्रत्येकाच्या चोचीत ‘पोर बेंय’, म्हणजे ‘सद्हेतूने’, असे लिहिलेली फीत आहे. दासीचे चुंबन घेताना राणीने पकडल्यावर जोआंवने हेच शब्द उच्चारले आणि कुजबुजणाऱ्या दरबारी स्त्रियांच्या संख्येएवढे पक्षी छतावर काढवून घेतले, अशी दंतकथा आहे. दंतकथा म्हणूनच ती ऐकावी. जाता जाता : डोंगरमाथ्यावरचा पिवळा-तांबडा पेना राजवाडा निराळा, तो एकोणिसाव्या शतकातला आहे.

प्रश्न : या वाड्याचा आपल्याकडच्या इतिहासाशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आहे, आणि तो दोन ठिकाणी दिसतो. मानुएलने बांधलेल्या एका चौकोनी दालनाच्या घुमटाकार छतावर मध्यभागी राजाचे, त्याभोवती त्याच्या मुलांचे आणि त्याखाली ७२ सरदार घराण्यांची कुलचिन्हे रंगवलेली होती. त्यांपैकी तावोरा घराण्याचे चिन्ह पुढे काढून टाकण्यात आले. १७५८ मध्ये राजा जोझे याच्यावर गोळीबार झाला, त्याचा ठपका या घराण्यावर ठेवला गेला आणि १७५९ च्या जानेवारीत घरातल्या प्रमुखांना जाहीरपणे ठार करण्यात आले. त्यांत फ्रान्सिस्कु द आसिस द तावोरा होता, जो १७५० ते १७५४ या काळात गोव्यात व्हाइसरॉय म्हणून राहून गेला होता. घराण्याचे नाव उच्चारण्याचीदेखील बंदी झाली, तेव्हा छतावरचे चिन्ह कोण राहू देणार?

दुसरा संबंध मुंबईशी आहे. १६६१ च्या विवाहतहात पोर्तुगालची राजकन्या काथारिना हिच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देण्याचे ठरले, तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर तिचा भाऊ सहावा आफोंसो होता, जरी कारभार आईच्या हाती असला तरी. पुढे त्याचाच धाकटा भाऊ पेद्रू याने त्याला सत्तेवरून दूर केले, त्याच्या राणीशी लग्न केले आणि काही वर्षे आझोर बेटांवर ठेवल्यावर १६७४ मध्ये त्याला या वाड्यातल्या एका खोलीत कोंडले. नऊ वर्षांनी, १६८३ मध्ये, तो तेथेच वारला. नावाने मात्र तो शेवटपर्यंत राजाच होता. त्या खोलीतली फरशी झिजलेली आहे, आणि ती त्याच्या येरझाऱ्यांनी झिजली असे तेथे सांगतात.