शिनचॅन बघून मुलगा उलट बोलतोय

प्रश्न: ताई, माझा ५ वर्षांचा मुलगा सारखं शिनचॅन बघतो, आता आजीलाच उलट बोलायला लागलाय, सगळी कार्टून्स बंद करू का?

उत्तर: सगळी नको गं. पण शिनचॅन मुळात १९९० साली जपानमध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झालेलं कॉमिक आहे, त्यामुळे एवढ्याशा पोराला त्यातली गंमत कळत नाही, उलट बोलणं मात्र बरोब्बर उचलतो. कार्टूनचा वेगही बघ, २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात फक्त ९ मिनिटं भरभर पळणारं कार्टून बघितल्यावर ४ वर्षांच्या मुलांचं लक्ष आणि स्वतःवरचा ताबा लगेच कमी झालेला दिसला! तेव्हा संथ, गोष्टीवालं काहीतरी लाव, तासाभरात टीव्ही बंद, आणि शक्यतो आजीलाही घेऊन त्याच्या शेजारी बसत जा.