लेकीला आजोळी पाठवताय, तर पाहुणी म्हणून पाठवू नका

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या एका आईने विचारले आहे की, संगणकशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागलेली त्यांची मुलगी नोकरी सोडून वर्षभर मालवणजवळच्या आजोळी राहायचे आणि तिथे मराठी चित्रपटाची पटकथा लिहायची म्हणते, तर तिला जाऊ द्यावे की समजावून थांबवावे. वडिलांचा विरोध आहे, आजीला आनंद झाला आहे, आणि दोघांच्या मध्ये आईची झोप उडाली आहे.

ताई, तिला येऊ द्या. पोटापाण्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याबद्दल पुढे लिहितेच. परंतु घरोघरी भांडण होते ते पैशांवरून, आणि मूल तिथे जाऊन नेमके करणार काय, याची चर्चा राहूनच जाते. तुमच्या मुलीच्या कथेत पाऊस, जुने घर, समुद्र आणि एकटी आजी आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ऑस्ट्रेलियातल्या शाळांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत येत असल्यामुळे तिने गाव पाहिले ते थंडीत, आणि बहुधा पडवीत बसून. तिच्या कथेतला पाऊस अजून तिच्या अंगावर पडलेला नाही, आणि तिच्या कथेतली माणसे कामधंदा करताना दिसत नाहीत. पटकथेला दृश्य लागते हे खरे, पण दृश्य उभे राहते ते कोणाला तरी काहीतरी हवे असते आणि ते सहजी मिळत नसते तेव्हा.

म्हणून तिने मे महिन्याच्या अखेरीस यावे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात, खलाशी आपापल्या गावी परततात, पण नौकेच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. ज्या घरात दोन महिने उत्पन्न नाही, त्या घरातली संध्याकाळ कशी असते, हे तिथे बसल्याशिवाय लिहिता येणार नाही. पुढे हंगाम सुरू झाला की तिने रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे मोठे जाळे, ओढताना पाहावी, मिळालेल्या मासळीचे वाटे कसे पडतात ते पाहावे, आणि पारंपरिक मच्छीमार व पर्ससीन नौकावाले (मोठ्या जाळ्याने मासळीचा अख्खा थवा वेढून पकडणारे) यांच्यातला वाद दोन्ही बाजूंच्या तोंडून ऐकावा. एकच बाजू ऐकून लिहिलेल्या पटकथेत खलनायक सोपा सापडतो आणि गोष्ट तिथेच संपते.

कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि माझ्या मते तिचे खरे शिक्षण तिथे आहे. या जत्रांत रात्री होणाऱ्या दशावताराला, म्हणजे इथल्या लोकनाट्याला, लिहिलेली संहिता नसते. गणपती, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा ठरावीक भाग, झाला की मुख्य आख्यान सुरू होते. कथानक आणि प्रवेशांचा क्रम नटांनी आधी ठरवलेला असतो, पण संवाद रंगमंचावर त्या क्षणी जन्माला येतात. समोरच्या पात्राने टाकलेल्या वाक्याला आपल्या पात्राने काय उत्तर द्यावे, हे त्या नटाला पात्राचा हेतू पक्का ठाऊक असल्यामुळेच सुचते. तिने एका रात्री नाटक पाहावे आणि दुसऱ्या रात्री, दुसऱ्या गावी, फक्त प्रेक्षकांकडे पाहावे. कोणत्या प्रसंगाला लोक चहाला उठतात आणि कोणत्या प्रसंगाला पेंगणारी मुलेही सावरून बसतात, याची टिपणे काढावीत. कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर समाजाची चित्रकथीही तिने जरूर पाहावी. एकेक चित्र समोर धरून गाण्यातून कथा सांगताना कोणता क्षण चित्रात दाखवायचा आणि कोणता गाळायचा, हा जो निर्णय त्या कलावंतांच्या पूर्वजांनी घेतला, तोच निर्णय पटकथाकाराला पानोपानी घ्यावा लागतो.

मालवणी बोलीबद्दल थोडे आग्रहाने सांगते. मच्छिंद्र कांबळी यांनी ती व्यावसायिक रंगभूमीवर सन्मानाने आणली. नंतर मात्र पडद्यावर ती पुष्कळदा हशा मिळवण्यापुरतीच उरली. या बोलीत माणसे रडतात, कर्ज मागतात, मुलीचे लग्न मोडल्याचे सांगतात. आजीची बोली आणि किनाऱ्यावरच्या गाबीत या मच्छीमार समाजातल्या बायकांची बोली यांतला फरक तिच्या कानाला कळू लागेपर्यंत तिने संवाद लिहायची घाई करू नये. भाऊबंदकीच्या, सामायिक जमिनीच्या ज्या गोष्टी घरात कानावर पडतील, त्या ओळखू येतील अशा स्वरूपात कागदावर उतरवू नयेत. तिला मेलबर्नला परतायचे आहे, मामा-मामींना त्याच वाडीत राहायचे आहे.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळते. नोकरीचा राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा किंवा अर्धवेळ काम मिळते का, हे तिने विचारावे. मराठी मालिकांमध्ये कथा, पटकथा आणि संवाद ही कामे पुष्कळदा वेगवेगळी माणसे करतात, आणि नवोदिताला एकदम स्वतःच्या कथेवर चित्रपट मिळण्यापेक्षा संवादलेखनाचे किंवा एखाद्या अनुभवी लेखकाच्या हाताखालचे काम मिळण्याची शक्यता अधिक असते. ते कमी प्रतीचे समजू नये. रीतसर शिकायचे असेल, तर पुण्याला प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकवले जाते. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा हिशेब असतो. म्हणून सव्वाशे पानांत हात घालण्याआधी तिने दहा-बारा पानांचा लघुपट पूर्ण करावा.

लिहिलेले कोणालाही दाखवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे त्याची नोंदणी करावी. कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, लिहून काढलेल्या मांडणीला देतो. त्यामुळे गप्पांच्या ओघात गोष्ट सांगून टाकण्याचा मोह तिने आवरावा. याच कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने मान्य झाला आहे. करारात श्रेयनामावलीतले नाव, किती खर्डे लिहून द्यायचे आणि कोणत्या टप्प्यावर किती पैसे मिळणार, हे स्पष्ट लिहिलेले असल्याशिवाय सही करू नये.

पुढच्या शिमग्यापर्यंत एक पूर्ण खर्डा हातात असावा, असे तिने आणि वडिलांनी मिळून ठरवावे, आणि तोवर दोघांनीही तो विषय फोनवर उकरून काढू नये. तुमच्याकडे एक काम राहते. मामीशी आधी तुम्ही स्वतः बोला आणि दरमहा घरखर्चाला किती द्यायचे ते मोकळेपणाने ठरवा; आजीला आनंद झाला असला, तरी वर्षभर एका माणसाचा स्वयंपाक मामीच्या अंगावर वाढणार आहे, आणि त्याबद्दल तिला अजून कोणी विचारल्याचे तुमच्या पत्रात दिसत नाही.