लॅपटॉप सुरू होत नाही? फॉरमॅटला लगेच ‘हो’ म्हणू नका

जुना लॅपटॉप बंद पडल्याचे प्रश्न वर्षभर येतात. गोंधळ दर वेळी तोच असतो, म्हणून या खेपेला हेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

बटण दाबलं तरी काहीच होत नाही, दिवाही लागत नाही. दुकानदाराने फोनवरच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून सांगितलं. नवा बोर्ड टाकू का? (सातारा)

फोनवर मदरबोर्ड तपासता येत नाही. ज्याने लॅपटॉप उघडलेलाच नाही, त्याच्या निदानावर पैसे देऊ नका.

सॉकेटमध्ये वीज आहे ना, हे मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग अ‍ॅडॉप्टर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत राहिलेला चार्ज निघून जातो. त्यानंतर नुसता अ‍ॅडॉप्टर लावून चालू करा. कित्येक लॅपटॉप एवढ्यावर उठतात.

नाही उठला तर संशय अ‍ॅडॉप्टरवर घ्या. त्याचा दिवा लागतो म्हणजे तो धड आहे असं नाही. लोड पडल्यावर व्होल्टेज कोसळू शकतं. दुसरा लावून बघताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिन तीच. काही कंपन्यांच्या अ‍ॅडॉप्टरला मधोमध बारीक पिन असते. तिच्यावरून लॅपटॉप आपला अ‍ॅडॉप्टर ओळखतो. स्वस्तातल्या नकलेत ही ओळख पटत नाही आणि बॅटरी चार्जच होत नाही.

त्यानंतर चार्जिंगचा जॅक, आणि बोर्ड सगळ्यात शेवटी. बोर्ड खरंच बिघडला असला तरी चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचा एकेक सुटा भाग दुरुस्त करण्याचं काम करणाऱ्याला दाखवल्याशिवाय बदलू नका. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि काढलेला भाग परत मागा.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच. (अकोला)

अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट अक्षरं दिसली तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड गेला आहे. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडल्यावर चित्र आलं, तर दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. कुठेच काही आलं नाही आणि बीप वाजत असेल किंवा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत असेल, तर किती वेळा ते मोजून लिहून ठेवा. बिघाड कुठे आहे, हे ती मोजणी सांगते. तंत्रज्ञाला तीच आधी सांगा.

रॅम काढून खोडरबराने पुसावी का? (नाशिक)

चालेल, पण अ‍ॅडॉप्टर आणि बॅटरी दोन्ही सुटी करून, हलक्या हाताने. जमत नसेल तर करवून घ्या.

दर वेळी तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि सुरू व्हायला अडतो. (पणजी)

घड्याळ चालू ठेवणारा बोर्डावरचा ३ व्होल्टचा छोटा सेल संपला आहे, बहुधा सीआर २०३२. बदलून घ्या.

टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट बसत नाही. पण चार्जर लावला की चालतो, तर चालवू का? (ठाणे)

नाही. बॅटरी फुगली आहे. लिथियम बॅटरी फुगते ती आत वायू साठल्यामुळे, आणि ती पेट घेऊ शकते. आज चार्जर काढा, लॅपटॉप गादी-पडद्यापासून लांब ठेवा. बॅटरी टोचू नका, दाबून बसवू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. ‘परीक्षा संपली की बघू’ असं या बाबतीत म्हणता येत नाही.

‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं येतं, आतून टिकटिक आवाज येतो. दुकानात म्हणतात, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, ५०० रुपये. त्यात मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत. कोणी सांगितलं, हार्ड डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की चालते. (रत्नागिरी)

लॅपटॉप बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. एकदासुद्धा नाही.

फिरत्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतं. टिकटिक बहुतेक वेळा या हेडच्या बिघाडाची असते. अशी डिस्क फिरवत राहिलात तर हेड तबकडी खरवडतं, आणि खरवडला गेलेला फोटो कोणालाही परत आणता येत नाही. फ्रीजरचा उपाय तर साफ विसरा. बाहेर काढल्यावर, तेही कोकणातल्या दमट हवेत, डिस्कवर पाणी धरतं.

आता फॉरमॅटबद्दल. हा शब्द ऐकला की मला राग येतो, कारण ५०० रुपयांच्या कामात लोकांची आयुष्यभराची साठवण गेलेली मी पाहिली आहे. मशीनमध्ये काय आहे हे ग्राहकाला न विचारता फॉरमॅट मारणं ही दुरुस्ती नाही. चालू स्थितीतल्या हार्ड डिस्कवर साध्या फॉरमॅटने फक्त फाइलींची नोंद पुसली जाते, मजकूर मागे राहतो. पण त्यावर नवं विंडोज टाकलं की कित्येक जीबी नवा मजकूर त्याच जागेवर लिहिला जातो. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क असेल तर आणखी वाईट: फॉरमॅट होताच ट्रिम नावाची आज्ञा जुन्या जागा रिकाम्या करायला सांगते, आणि मग रिकव्हरीला हाती फार थोडं उरतं. तुमच्यासारख्या आवाज करणाऱ्या डिस्कवर फॉरमॅट, चेक डिस्क (विंडोजची डिस्क तपासणी), फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर, यातलं काहीच चालवू नका. धूळमुक्त कक्षात डिस्क उघडणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच ती द्या. तपासणीचे किती, आणि डेटा निघाला नाही तर किती, हे आधी लेखी घ्या.

ज्यांच्या डिस्कचा आवाज येत नाही, फक्त विंडोज अडलंय, त्यांनी पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) चालवून फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, किंवा डिस्क काढून यूएसबी केसमधून दुसऱ्या संगणकाला जोडावी. तिथे ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं आलं तर रद्द करा. बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी की मागितली, तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळण्याची शक्यता आहे. दुकानदाराने ‘की तोडून देतो’ म्हटलं तर तिथून निघा. काही स्वस्त, पातळ लॅपटॉपांत साठवण बोर्डावरच जोडलेली असते. अशा वेळी बोर्ड बदलला की फोटोही त्याच्यासोबत जातात. हे कोणी आपणहून सांगत नाही, तुम्हीच विचारा.

फोटो परत मिळाले तर त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक प्रत घराबाहेर.

चहा सांडला. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलाय, आता चालू करू? (पुणे)

नको. तांदूळ बोर्डावरची साखर आणि दूध काढत नाही, आणि गंज त्या साखर-दुधानेच चढतो. बंद लॅपटॉपमध्येही बॅटरीची वीज बोर्डावर असते, म्हणून आधी बॅटरी सुटी करून मग बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करायला हवा. दोन दिवस वाया गेलेत, आजच न्या.

लॅपटॉप दहा वर्षांचा आहे. दुकानदार म्हणतो, विंडोज १० बंद झालं, आता हा भंगार. (सोलापूर)

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या किंवा जुन्या प्रोसेसरच्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, हेही खरं. पण मशीन त्यामुळे भंगार होत नाही. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी टाका, हलकं लिनक्स बसवा. लिहिणं, मेल, मुलांचा अभ्यास आरामात होतो. सुरक्षा अपडेट थांबलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार मात्र करू नका. बोर्डाचा खर्च तशाच वापरलेल्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीवर गेला तर दुरुस्तीचा नाद सोडा, पण त्याआधी निदान दोन ठिकाणी दाखवा. आणि जुना एक्स्चेंजमध्ये देणार असाल, तर डिस्क काढून घेऊन मगच द्या.