तात्पर्य नको, आधी चिऊताईच्या दाराशी थांबा

प्रश्न : ताई, मी तिसरीला शिकवते. दयाळूपणावर मुलांनी बोलावं, मनातलं काहीतरी लिहावं म्हणून मी वर्गात गोष्टी सांगते. ऐकतात अगदी मन लावून, पण लिहायला दिलं की सगळ्या वह्यांत एकच वाक्य, ‘आपण सर्वांशी प्रेमाने वागावे.’ माझं काय चुकतंय?

उत्तर : गोष्ट संपली की तुम्ही लगेच ‘यातून काय शिकलो?’ असं विचारता का? बहुतेक तिथेच गाडी अडते, कारण तो प्रश्न आला की बाईंना काय ऐकायचंय ते मुलांना बरोब्बर कळतं आणि ती तेवढं लिहून मोकळी होतात.

काऊ-चिऊची गोष्ट घ्या. सगळ्यांना पाठ असते म्हणूनच घ्या. शेणाचं घर पावसात वाहून गेलंय, काऊ भिजत दाराशी आलाय, ‘चिऊताई चिऊताई दार उघड’ म्हणतोय आणि आतून येतं, ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’, मग ‘थांब, तीट लावते’. बस, इथेच थांबा, गोष्ट पुढे नेऊच नका. आपण ही गोष्ट लहानपणी कितीदा ऐकली, पण तो तेवढा वेळ बाहेर भिजत होता त्याचं काय, हे आपल्याला कुणी विचारलंच नाही. तुम्ही विचारा. चिऊला हाक ऐकू येत होती ना, मग ती का नाही उठली? कुणी म्हणेल चिऊ दुष्ट आहे, कुणी म्हणेल बाळ ओलं होतं, त्याला टाकून कशी येणार, एखादं म्हणेल तिला काऊची भीती वाटली असेल. वाद होऊ द्या, मध्ये पडू नका, कोण बरोबर तेही सांगू नका.

आणि प्रश्न टाकल्यावर जरा गप्प राहा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधली संभाषणं तपासली तेव्हा दिसलं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि तेच ३ सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. सांगायला सोपं आहे, पण करून बघा, ते ३ सेकंद खूप मोठे वाटतात.

मग लिहायला द्या, पण ‘दयाळूपणा’ हा शब्द फळ्यावर नको. दाराबाहेरच्या काऊच्या मनात काय चाललंय ते त्याच्याच तोंडून लिहा म्हणावं, किंवा चिऊने नंतर काऊला लिहिलेली चिठ्ठी. चार ओळी पुरे. शुद्धलेखनाचा लाल पेन त्या दिवशी बाजूला ठेवा, नाहीतर मुलं फक्त येणारेच शब्द वापरतात.

एक मात्र सांभाळा. ‘तुमच्यावर अशी वेळ कधी आली?’ हे सगळ्यांसमोर विचारू नका. कुणाला वर्गात खरंच कुणी खेळायला घेत नसेल तर ते मूल तिथे अवघडून जातं. ज्याला लिहायचंय तो लिहील, ते फक्त तुम्ही वाचा, आणि त्याला विचारल्याशिवाय मोठ्याने वाचून दाखवू नका. आणि त्रास देणाऱ्याला माफ कर, असंही लगेच सांगू नका, आधी ज्याला त्रास झाला त्याचं ऐकून घ्या.

वह्या जमा झाल्या की मग उरलेली गोष्ट सांगा. तोपर्यंत मुलं स्वतःच मागे लागलेली असतात, दार शेवटी उघडलं का म्हणून.