अमेरिकेत कस्टमर केअरला फोन करताना समोरच्याचे उच्चार समजत नसतील तर

ताई, आपण लिहिले आहे की सांगलीहून मुलाकडे न्यू जर्सीला आल्यापासून आरोग्य विमा आणि मोबाइल या दोन्हींसाठी आपल्याला स्वतःच फोन करावे लागतात. फोन बहुतेक वेळा फिलिपिन्समधल्या माणसाला लागतो, त्याचे बोलणे आपल्याला कळत नाही, आपले त्याला कळत नाही, आणि बँकेत एवढी वर्षे इंग्रजीत कामकाज केलेले असूनही आता आपले इंग्रजीच कच्चे असावे अशी शंका येऊ लागली आहे. मी पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये अमेरिकी ग्राहकांचे फोन घेणाऱ्यांना उच्चार शिकवणारी व्हॉइस ट्रेनर म्हणून काम केले आहे आणि आता अमेरिकेत राहून ग्राहक म्हणून तसेच फोन करते, त्यामुळे दोन्ही टोकांना काय घडते ते मी जवळून पाहिले आहे. आपली शंका निराधार आहे, हे मी आधीच स्पष्टपणे सांगते. अशा संभाषणात घोडे अडते ती जागा फार लहान असते: एखादा आकडा, एखादे नाव, एखादी तारीख, किंवा 'कॅन' आणि 'कान्ट' यांतला फरक. एवढ्या मोजक्या गोष्टी नुसत्या कानाच्या भरवशावर न ठेवण्याची सवय लावून घेतली, की बाकीचे थोडेफार निसटले तरी काम बिघडत नाही.

मुळात फोनची लाइनच आवाजाचा काही भाग कापून टाकते. जुन्या टेलिफोन व्यवस्थेत साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो, आणि आपला मोबाइल कितीही नवा असला तरी टोल फ्री क्रमांकावरून परदेशातल्या कॉल सेंटरपर्यंत जाणारा फोन वाटेत बहुधा याच अरुंद पट्ट्यात येऊन पडतो. स्वर या पट्ट्यात नीट बसतात. 'स', 'फ', 'थ' यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा आवाज मात्र त्याच्या वर असतो आणि तो लाइनवर पोचतच नाही. त्यामुळे 'एस' आणि 'एफ' ही अक्षरे फोनवर जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यालाही सारखीच ऐकू येतात. समोरासमोर बोलताना आपण ओठ पाहून आणि संदर्भाने ही उणीव भरून काढतो. फोनवर ओठ दिसत नाहीत, आणि विम्याच्या पॉलिसी क्रमांकाला संदर्भही नसतो. त्यात कॉल सेंटरच्या फ्लोअरवर शेजारी बसलेल्यांचे आवाज मिसळतात. या सगळ्यावर अपरिचित उच्चारांची भर पडली, की 'मला इंग्रजी येत नाही' असे वाटू लागणे स्वाभाविक आहे.

आता फिलिपिन्समधल्या बोलण्याविषयी. तो देश १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेच्या अमलाखाली होता, तिथल्या शाळांतून अमेरिकी वळणाचे इंग्रजी शिकवले गेले, आणि साधारण २०१० च्या सुमारास फोनवरच्या ग्राहकसेवेच्या कामात त्या देशाने भारताला मागे टाकले. तिथले अनेक जण उत्तम इंग्रजी बोलतात. तरीही मराठी कानाला त्यात एक खास अडचण येते, आणि ती लक्षात आली की पुढचे बरेच सोपे होते. आपण इंग्रजीतला 'टी' लहानपणापासून 'ट' असा ऐकतो आणि बोलतो. फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेतला 'टी' मात्र दातांना जीभ लावून उच्चारला जातो, म्हणजे तो आपल्या 'त' च्या जवळ जातो. मराठीत 'त' आणि 'ट' हे दोन स्वतंत्र वर्ण असल्यामुळे आपला कान त्यांत काटेकोर भेद करतो, आणि 'तोतल', 'तायम', 'त्वेल्व्ह' असे काही कानावर आले की मेंदू भलताच शब्द शोधू लागतो. याशिवाय टागालोगच्या मूळ शब्दसंपत्तीत 'एफ' आणि 'व्ही' हे ध्वनी नाहीत. प्रशिक्षित माणूस ते व्यवस्थित उच्चारतो, पण शिफ्टच्या शेवटी दमला की 'फिफ्टी' चे 'पिप्ती' होऊ शकते, तसेच 'थ्री' चे 'त्री' होते. 'त' ऐकू आला की 'टी' समजायचे आणि संशयास्पद ठिकाणी 'प' ऐकू आला की 'एफ' तर नाही ना हे विचारायचे, एवढे मनाशी ठरवून फोन लावून पाहा.

आपले त्यांना का कळत नाही, याचेही कारण असेच आहे; त्यांच्या कानाला अमेरिकी वळणाच्या इंग्रजीची सवय असते. अमेरिकी माणूस शब्दाच्या आरंभीचा 'पी' थोडी हवा सोडून उच्चारतो. आपण तो कोरडा 'प' म्हणून उच्चारतो आणि अमेरिकी कानाला तो पुष्कळदा 'बी' वाटतो. आपला 'व' तर 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोघांसाठी एकच असतो. पुण्यात ट्रेनिंगच्या बॅचमध्ये याच दोन गोष्टींवर माझा सगळ्यात जास्त वेळ जात असे, आणि ती मुले इंग्रजी माध्यमात शिकलेली असत.

बोलण्याच्या वेगामागे कामाची पद्धत आहे. कॉल सेंटरमध्ये प्रत्येक कॉलला सरासरी किती वेळ लागला याचे मोजमाप होते. त्याला तिथे एएचटी म्हणतात, आणि तो वाढला की टीम लीडर विचारणा करतो. सुरुवातीची वाक्ये तर लिहून दिलेली असतात. तीच वाक्ये दिवसभर म्हणून इतकी गुळगुळीत झालेली असतात की त्यांतला एकेक शब्द वेगळा काढणे अशक्य होते. त्या वाक्यांत कंपनीचे नाव, स्वतःचे नाव आणि 'मी आपली काय मदत करू' यापलीकडे सहसा काही नसते, म्हणून ती कळली नाहीत तरी घाबरू नये. ती संपली की शांतपणे म्हणावे, 'प्लीज स्पीक स्लोली, आय अ‍ॅम रायटिंग एव्हरीथिंग डाउन.' हे वाक्य मी मुद्दाम सुचवते आहे. कॉल रेकॉर्ड होत असतो, आणि ग्राहकाने स्वतः सावकाश बोलायला सांगितले आहे हे त्या रेकॉर्डिंगमध्ये आले की कॉल लांबल्याबद्दल त्या मुलाला किंवा मुलीला काही आधार मिळतो. 'लिहून घेते आहे' म्हटल्यावर त्याचे बोलणेही आपोआप तुटक होते, आणि आपल्याला तेच हवे असते. 'लाउडर' मात्र म्हणू नये. मोठ्याने बोलताना स्वर लांबतात, व्यंजने होती तिथेच राहतात.

आपण लिहिले आहे की पलीकडून 'हॅलो' आले की छातीत धडधडू लागते. याविषयी दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात. क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवले की परक्या उच्चारांचे बोलणे ऐकताना श्रोता सुरुवातीला अडखळतो, पण एका मिनिटाच्या आतच त्याचा कान बराचसा सरावतो. दुसरा अभ्यास रूबिन यांचा, १९९२ चा. त्यांनी विद्यार्थ्यांच्या गटांना एकाच आवाजातले ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले, मात्र सोबत दाखवलेला व्याख्यातीचा फोटो वेगवेगळा होता. आशियाई चेहऱ्याचा फोटो पाहिलेल्यांना तेच व्याख्यान कमी समजले. कळणार नाही असे मनाने आधीच धरले, की कळण्यासारखे असलेलेही निसटते. म्हणून कॉलचे पहिले मिनिट महत्त्वाच्या माहितीवर खर्च करू नका. आधी ज्याचे उत्तर चुकीचे ऐकू आले तरी नुकसान होणार नाही असे काहीतरी विचारा, उदाहरणार्थ त्यांचे ऑफिस किती वाजेपर्यंत चालू असते. तेवढ्यात कान त्या आवाजाला रुळतो, आणि मग खरा विषय काढावा.

आकड्यांच्या बाबतीत मी कोणावरही विश्वास ठेवत नाही, मग समोरचा मनिलाचा असो, पुण्याचा असो की टेक्सासचा. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतला भेद अमेरिकी इंग्रजीत मुख्यतः आघातावर, म्हणजे शब्दाच्या कोणत्या भागावर जोर पडतो यावर, अवलंबून असतो, आणि तो आघात आपल्या बोलण्यात नसल्यामुळे तो ऐकण्याची सवयही आपल्याला नसते. म्हणून रक्कम कानावर आली की लगेच एकेक अंक सुटा करून विचारावा: 'वन-थ्री ऑर थ्री-झीरो?' हा प्रश्न कधीही फसत नाही. आपण आकडा सांगताना 'डबल फाइव्ह', 'ट्रिपल नाइन' म्हणू नये. ते भारतात आणि ब्रिटनमध्ये चालते, अमेरिकी ग्राहकांची सवय झालेला माणूस त्यावर गोंधळतो. तारीख सांगताना महिन्याचे नाव उच्चारावे, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि पाच जुलैचा सात मे व्हायला वेळ लागत नाही. 'झेड' ला 'झी' म्हणावे. 'कॅन' आणि 'कान्ट' यांचा संशय आला तर 'सो, यू कॅनॉट डू इट, करेक्ट?' असे संपूर्ण 'कॅनॉट' वापरून विचारावे, कारण अमेरिकी वळणाच्या बोलण्यात 'कान्ट' मधला शेवटचा 'ट' जवळजवळ गिळला जातो.

नावासाठी एक कागद कायमचा फोनजवळ ठेवावा. इंग्रजीत 'बी', 'सी', 'डी', 'ई', 'जी', 'पी', 'टी', 'व्ही', आणि अमेरिकेत 'झी' सुद्धा, ही सगळी अक्षरे एकाच 'ई' वर संपतात, आणि फोनवर त्यांची सुरुवातच पुसट होते. देशपांडे हे आडनाव इंग्रजीत लिहिले तर त्यात दोन 'डी', दोन 'ई', एक 'पी' आणि शिवाय 'एस', 'एन' अशी घोटाळ्याची अक्षरे येतात. आपल्या आडनावातल्या प्रत्येक अक्षरासमोर एकेक शब्द लिहून ठेवा: डेल्टा, एको, सिएरा, पापा, नोव्हेंबर. वैमानिक आणि कॉल सेंटरमधले कर्मचारी हीच वर्णमाला वापरतात, म्हणून ती पलीकडे लगेच ओळखली जाते. 'डी फॉर दिल्ली' किंवा 'पी फॉर पुणे' तिथे उपयोगी पडत नाही.

कॉलच्या शेवटी, काहीही झाले तरी, 'प्लीज सेंड मी धिस इन अ‍ॅन ईमेल' असे म्हणावे आणि तक्रारीचा किंवा संदर्भाचा क्रमांक घ्यावा. मोबाइल कंपनीच्या बहुतेक कामांना तर फोनची गरजच नसते. त्यांच्या अ‍ॅपमधल्या चॅटवर लिहून तेच काम होते, आणि बँकेतला पत्रव्यवहार सांभाळलेल्या माणसाला ते फोनपेक्षा कितीतरी सोपे जाईल.

फोनच करायचा असेल तर स्पीकरवर ठेवू नका, दोन्ही कानांत इअरफोन घाला. फरक लगेच जाणवतो. आपल्याकडे आयफोन ११ किंवा त्यानंतरचा असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली 'लाइव्ह कॅप्शन्स' ही सोय आहे, ती समोरच्याचे बोलणे पडद्यावर अक्षरांत दाखवते. काही अँड्रॉइड फोनांतही ती आहे. आकडे आणि नावे त्यात चुकतात, पण वाक्याचा रोख हाती येतो. आणि ताई, एकदा कानांची तपासणी अवश्य करून घ्या. वयोमानाने ऐकू येणे कमी होते ते वरच्या पट्टीपासून, म्हणजे नेमक्या व्यंजनांच्या ठिकाणी. घरात सगळे नीट ऐकू येते आणि फोनवर मात्र येत नाही, असे त्यामुळे होऊ शकते. सौम्य ते मध्यम प्रमाणातला दोष असलेल्या प्रौढांसाठी अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून श्रवणयंत्रे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात.

आपल्या प्रश्नाला उत्तर देताना इथल्या काही सदस्यांनी आपल्याला 'सरळ अमेरिकेतला माणूस मागा' असा सल्ला दिला आहे. मागायला हरकत नाही, पण त्यासाठी बराच वेळ थांबावे लागते, आणि दक्षिणेकडच्या राज्यांतले भरभर बोलणे नवख्या कानाला मनिलाच्या बोलण्यापेक्षा सोपे जाईलच असे नाही. खरोखरच काही कळत नसेल तर 'दुसऱ्या प्रतिनिधीकडे जोडून द्या' असे सौम्यपणे म्हणावे. त्यात कोणाचाही अपमान नाही. त्या माणसाच्या उच्चारांवर त्याच्याच तोंडावर टीका करणे मात्र मला अत्यंत गैर वाटते. न्यू जर्सीत दुपारचे तीन वाजलेले असतात तेव्हा उन्हाळ्यात मनिलात पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि पुण्यात रात्रपाळीत असे बोल ऐकून हेडसेट काढून ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. तक्रार कंपनीकडे लेखी करावी, कारण तिचा परिणाम होतो. डेल या संगणक कंपनीने २००३ मध्ये आपल्या कॉर्पोरेट ग्राहकांचे काही फोन बंगळुरूहून अमेरिकेत परत नेले, आणि २०११ मध्ये सँटांडर बँकेने ब्रिटिश ग्राहकांचे फोन भारतातून परत ब्रिटनमध्ये नेले, ते ग्राहकांच्या नाराजीमुळेच.

आरोग्य विम्यासाठी तर आपल्याला आणखी एक हक्क आहे, आणि तो आपल्या लोकांना फारसा माहीत नाही. अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातील कलम १५५७ नुसार तिथल्या केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या विमा कंपन्यांना आणि रुग्णालयांना, इंग्रजीत अडचण असलेल्या व्यक्तीला दुभाष्या विनामूल्य द्यावा लागतो. फोन लागताच पहिले वाक्य म्हणावे, 'मराठी इंटरप्रिटर, प्लीज'; मराठीचा दुभाष्या त्या वेळी उपलब्ध नसेल तर हिंदीचा मागावा. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे निवृत्तिवेतनाचे काम पाहणाऱ्या सरकारी, कार्यालयातही ही सोय विनामूल्य आहे. दुभाष्या लाइनवर आला की एकेक छोटे वाक्य बोलून थांबावे. तो आपले बोलणे 'मी' असेच, प्रथमपुरुषात, पुढे सांगतो, त्यामुळे आपणही 'यांना सांगा की' असे न म्हणता थेट विमा कंपनीच्या माणसाशी बोलावे. पॉलिसी क्रमांक, रक्कम आणि तारीख मात्र दुभाष्या असला तरी एकेक अंक सुटा करून इंग्रजीतून स्वतः परत म्हणून घ्यावी.