वीज आणि रसायनशास्त्र यांचा एकमेकांशी नेमका संबंध काय?

तुम्ही विचारलंय की शाळेत वीज एका धड्यात आणि रासायनिक अभिक्रिया दुसऱ्याच धड्यात, मग बॅटरीत दोन्ही एकत्र कशा येतात? मला हे खऱ्या अर्थाने उमगलं ते मोरचुदामुळे.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी आणतात ते. ते पाण्यात विरघळवा आणि त्या निळ्या पाण्यात जस्ताची पट्टी उभी करा. बघता बघता पट्टी काळपट पडते, तिच्यावर तांब्याचा भुसभुशीत थर चढतो आणि पाण्याचा निळा रंग हळूहळू उतरतो. जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. तेच दोन घेऊन पाण्यातलं तांबं धातू होऊन पट्टीवर बसतं. हा सगळा व्यवहार पट्टीवर जागच्या जागी उरकतो, म्हणून वीज हाती लागत नाही. ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

आता दोघांची ताटातूट करा. मी संक्रांतीचं न रंगवलेलं सुगड घेतलं. आत मिठाचं पाणी आणि जस्ताची पट्टी, बाहेरच्या भांड्यात मोरचुदाचं पाणी आणि तांब्याची पट्टी. सुगड पाझरतं, त्यामुळे आयन, म्हणजे पाण्यातले विद्युतभार असलेले कण, मातीतून ये-जा करतात, पण दोन्ही पाणी लगेच मिसळत नाहीत. इलेक्ट्रॉनना मात्र पाण्यातून वाट नसते. पट्ट्या वायरने जोडल्या की त्यांना वायरीतूनच जावं लागतं, आणि हीच वीज! मल्टिमीटरवर एक व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले होते. जॉन डॅनियल यांच्या 1836 सालच्या विद्युतघटाचं तत्त्व हेच. पुढे त्यात मातीचं सच्छिद्र भांडं आलं आणि त्यावर तारायंत्रं चालली.

उलटंही होतं. बाहेरून वीज देऊन इलेक्ट्रॉन ढकलले, तर एरवी आपणहून न होणारी अभिक्रिया घडते. हम्फ्री डेव्ही यांनी 1807 साली पोटॅश या पोटॅशियमच्या संयुगातून वीज सोडून पोटॅशियम पहिल्यांदा वेगळं केलं. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी तर दोन्ही दिशांनी चालते. लाइट गेली की प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि ॲसिड पातळ होतं. चार्जिंगला लावली की तेच उलट. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्याच्या साधारण सव्वापट जड असतं, उतरल्यावर हलकं. म्हणून तर बॅटरीवाला हायड्रोमीटर बुडवून बॅटरी किती भरलीय ते सांगतो.

सुगडाचा प्रयोग जरूर करा. फक्त मोरचूद विषारी असतं. हात नीट धुवा आणि ते सुगड पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.