क्रीडा बातम्यांची हेडिंगं एवढी फसवी का असतात? आणि लोक आतली बातमी न वाचताच पत्रकाराला नि खेळाडूला शिव्या का घालतात?

दोन प्रश्न विचारलेत तुम्ही, पण दोन्हीची गाठ एकाच जागी आहे. हेडिंग देणारा एक, बातमी लिहिणारा दुसरा आणि शिव्या खाणारा तिसराच. या तिघांची कधी भेट होत नाही, त्यामुळे ज्यानं घोळ घातला त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही.

मी बेळगावचा. इथल्या एका मराठी पेपरला बरीच वर्षं गावाकडच्या स्पर्धांच्या बातम्या पाठवायचो, टेनिस बॉल क्रिकेट, कबड्डी, जत्रेतली कुस्ती मैदानं असलं सगळं. पद्धत अशी की आम्ही नुसता मजकूर पाठवायचा, हेडिंग डेस्कवरचा उपसंपादक टाकणार, ते पण रात्री पान सोडायच्या गडबडीत आणि जागा उरेल तेवढ्या अक्षरात. एकदा खानापूर भागातल्या मैदानात मोठी कुस्ती लागली, डावावर डाव झाले, घिस्सा झाला, एकलंगी झाली, काही केल्या निकाल लागेना म्हणून शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. मी तसंच लिहून पाठवलं. सकाळी पेपर बघतोय तर वर एकानं दुसऱ्याला अस्मान दाखवलंय आणि खाली माझ्या मजकुरात कुस्ती बरोबरीत! झालं, ज्याला पाडून ठेवलेला त्याच्या गावातनं फोन सुरू, "मैदानात होतास काय झोपलेलास रे?" हेडिंग मी देत नाही हे कुणाला पटतच नाही, आणि त्यांचं तरी काय, बातमी पाठवणारा म्हणून गावात ओळख माझीच.

पेपरला निदान जागेची अडचण होती. ऑनलाइनला जागा भरपूर, पण तिथं वेगळंच दुखणं. पेपर माणूस अख्खा विकत घेतो, एक हेडिंग मिळमिळीत असलं म्हणून काही बिघडत नाही, वेबसाइटवर मात्र प्रत्येक बातमीला आपलं गिऱ्हाईक आपणच ओढायचं असतं. म्हणून मग "विराटबद्दल हे काय बोलून गेला माजी कर्णधार!" आणि आत जाऊन बघितलं तर तो चांगला खेळाडू आहे एवढंच बोललेला. नाहीतर "टीम इंडियाला मोठा धक्का, स्टार बॉलर बाहेर?" असं. शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की खोटं बोलल्याचा आरोप पण येत नाही, हुशार लोक आहेत.

यात माणसाला त्रास किती होतो बघायचा असेल तर नीरज चोप्राचं आठवा. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत ८७.५८ मीटर भाला टाकून गोल्ड मिळवलं. नंतर एका मुलाखतीत तो सहज बोलला की फायनलमध्ये पहिल्या थ्रोआधी माझा भाला सापडेना, बघतो तर पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या हातात, मग मी मागून घेतला. बस्स एवढंच. त्याच्यावरनं लोकांनी पार भाल्यात छेडछाड करण्याचा कट होता इथपर्यंत नेलं. शेवटी २६ ऑगस्टला बिचाऱ्याला स्वतः व्हिडिओ टाकून सांगायला लागलं की भाले सगळ्यांनी वापरायचे असाच नियम आहे, अर्शद त्याच्या थ्रोची तयारी करत होता, माझ्या नावावर घाण पसरवू नका. गोल्ड मिळवून तीन आठवडे झाले नव्हते आणि पोरगा खुलासे देत बसलाय! मुलाखतीत त्याचं वाक्य चुकलं नव्हतं, छापणाऱ्यानं पण खोटं छापलं नव्हतं. पण "अर्शदच्या हातात नीरजचा भाला" एवढाच तुकडा वेगळा काढला की पुढचं लोक आपापल्या मनानं भरतात, आणि ते काय भरणार हे तुकडा काढणाऱ्याला चांगलं माहीत असतं.

खबर खरी आहे का बघायला पण कुणाला वेळ नाही. झिम्बाब्वेचा माजी क्रिकेट कर्णधार हीथ स्ट्रीक २३ ऑगस्ट २०२३ ला वारला म्हणून सगळीकडे बातमी फिरली, जुना सहकारी हेन्री ओलोंगाच्या एका ट्वीटवरनं. तो जिवंत होता, स्वतः मेसेज करून सांगितलं. घरच्यांना एक फोन लावला असता तर कळलं असतं. पुढे ३ सप्टेंबरला तो खरंच गेला.

आता आमच्या भागातली एक गंमत. इथं माझ्यासारखे कितीतरी लोक सकाळी चहाच्या गाड्यावर मराठी पेपर बघतात आणि कन्नड पण. ९ मार्च २०२५ ला चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल जिंकली, रोहितचे ७६, श्रेयसचे ४८, केएल राहुल नाबाद ३४. आता मराठी पेपरला मुंबईकर मोठे वाटणार, कन्नड पेपरला राहुल शेवटपर्यंत थांबला म्हणून मॅच आली असं वाटणार, आणि दोघांचं पण खरंच आहे की! खोटं अक्षर नाही एक, तरी नुसती हेडिंगं बघून गेलेले दोघं एकाच मॅचवरनं तासभर भांडू शकतात. आयपीएलला तर विचारूच नका, एकाच घरात थोरला मुंबईचा, धाकटा आरसीबीचा.

पण सगळं खापर हेडिंगवर फोडायला मी तयार नाही. २४ ऑक्टोबर २०२१ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये पाकिस्ताननं आपल्याला दहा विकेटनी हरवलं. दहा विकेटनी, म्हणजे एकाही बॉलरला विकेट मिळाली नव्हती. तरी धर्म काढून शिव्या खाल्ल्या त्या एकट्या शमीनं. तिथं कुणाला फसवं हेडिंग लागलं नाही, स्कोअरकार्ड पुरलं. राग आधीच तयार असतो, त्याला फक्त नाव पाहिजे असतं, आणि डेस्कवरचा माणूस ते नाव मोठ्या टायपात देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली की फोटो आणि हेडिंग दिसतं, तेवढ्यावर ग्रुपात भांडण लागून मिटतं पण, आत जातोय कोण!

नियम नाहीत असं नाही. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत सरळ लिहिलंय की हेडिंग भडक नको आणि खालच्या मजकुराशी जुळलं पाहिजे. पण कौन्सिलचा हात छापील पेपर आणि वृत्तसंस्थांपुरताच, टीव्ही आणि यूट्यूबवाले त्यात येत नाहीत, आणि पेपरवाल्यांना पण ताकीद देण्यापलीकडे कौन्सिल फारसं काही करू शकत नाही.

म्हणून छापील पेपरातलं हेडिंग चुकीचं दिसलं तर सरळ ऑफिसात फोन लावा आणि डेस्क मागा, संध्याकाळनंतर, तेव्हा हेडिंग देणारा माणूस खुर्चीवर असतो. कात्रण हातात ठेवा, वरचं वाक्य आणि खालचं वाक्य दोन्ही वाचून दाखवा, नुसतं "तुम्ही खोटं छापता" म्हटलं तर ठेवून देतात. गावच्या वार्ताहराला तेवढं सोडा ओ, त्या गड्याला पेट्रोलपुरते पण पैसे सुटत नाहीत.